पुष्कराज घेण्याआधी

शहापूर, बेळगाव

प्रिय मधू,

पत्र आणि फोटो दोन्ही मिळाले. धाकटीसाठी पुष्कराज घेतोयस, चांगलं आहे. पण फोटोवरून मी काही सांगणार नाही गा. पुष्कराज म्हणजे पिवळा नीलम; तो, टोपाझ नावाचा वेगळाच खडा, सिट्रीन म्हणजे पिवळा स्फटिक आणि साधी पिवळी काच रंगाने अगदी सारखी दिसू शकतात. खडा घेऊन निपाणीहून इकडेच ये.

आमच्या पेढीवर रिफ्रॅक्टोमीटर आहे. त्याच्या काचेवर द्रवाचा एक थेंब टाकायचा, खड्याचा सपाट माथा त्यावर पालथा ठेवायचा आणि डोळा लावायचा. आतल्या पट्टीवर उजेड-सावलीची कड दिसते, तिथला आकडा म्हणजे अपवर्तनांक, खड्यात शिरताना प्रकाश किती वळतो त्याचं माप. पुष्कराजाचा १.७६२ ते १.७७०, टोपाझचा १.६२ च्या आसपास, सिट्रीनचा १.५४४ ते १.५५३. वरची ध्रुवण-चकती, म्हणजे एकाच दिशेत कंप पावणारा प्रकाश जाऊ देणारी काच, फिरवली की पुष्कराजाची कड थोडी सरकते, कारण त्यात शिरलेला प्रकाश दोन वाटांनी जातो. काचेची कड जागची हलत नाही. मला हे बघताना अजूनही आनंद होतो.

पण आकडा बरोबर आला म्हणून खडा खाणीतलाच, असं समजू नकोस. व्हर्नुई नावाच्या फ्रेंच माणसाने १९०२ साली ज्वालेत माणिक बनवण्याची रीत जाहीर केली, पुढे नीलम-पुष्कराजही तसेच बनू लागले. त्यांचं रसायन खाणीतल्या खड्याचंच, म्हणून आकडाही तोच. इथे दहापटीचं भिंग लागतं. ज्वालेतल्या खड्यात वाढीच्या रेषा वाकड्या, कमानीसारख्या असतात. कधी हवेचे बुडबुडे सापडतात. जमिनीतल्या खड्यात रेषा सरळ, कोनात मोडलेल्या, आणि बारीक सुयांसारख्या तंतूंचं जाळं, त्याला आम्ही रेशीम म्हणतो. पिवळ्या खड्यात वाकड्या रेषा लवकर दिसत नाहीत, खालून निळ्या फिल्टरमधून उजेड दिला की उठून येतात. घाईत भिंग लावणारे इथेच फसतात. भट्टीत तापवलेल्या खड्यातलं रेशीम तुटून ठिपके ठिपके झालेलं असतं. तसा खडा खोटा नव्हे, पण भाव वेगळा.

तेव्हा खडा सुटाच आण, अंगठीत बसवू नकोस. बसवलेल्या खड्याला मागून नीट उजेड देता येत नाही. आणि विकणाऱ्याला सांग, तपासून झाल्यावरच पैसे देतो. बिलावर 'नैसर्गिक, न तापवलेला' असं लिहून मागशील तेव्हा तो काय म्हणतो ते मला कळव. वहिनींना नमस्कार.

तुझा,
सदा