कालियामर्दन दीडपट वेगाने कशाला पळवलं?

मा. संपादक साहेब, नमस्कार.

गेल्या रविवारी ठाण्यात जुन्या जमान्याचा एक दिवसाचा फेस्टिवल होता, जादूचे खेळ, मूकपट, ग्रामोफोन असं सगळं. दिवस मस्त गेला हे आधीच सांगतो म्हणजे 'कालियामर्दन' या मूकपटाबद्दलची पुढची तक्रार नुसती कुरकुर वाटायला नको. धोतर-नऊवारीत येणाऱ्यांना तिकिटात सूट होती, मी धोतराच्या भानगडीत पडलो नाही, पण आईची नऊवारी रोजचीच, तिला आयती सूट मिळाली म्हणून ती संध्याकाळपर्यंत खूश.

जादूवाले एक बाबा होते, सत्तरीच्या पुढचे, बाह्या कोपरापर्यंत दुमडलेल्या. कुंडीत आंब्याची कोय पुरली, वर फडकं टाकलं, पाणी शिंपडलं, तोंडाची टकळी चालूच, फडकं उचललं तर कोंब, परत झाकलं परत उचललं तर चांगलं वीतभर रोप! माझ्या मुलीने पान खरं आहे का म्हणून ओढलं तर ते हातातच आलं, बाबा म्हणाले, "राहू दे पोरी, पाडव्याला तोरणात लाव." पान अजून फ्रिजवर आहे.

शेजारच्या दालनात जादूच्या इतिहासाचे मोठे बोर्ड होते. १९२१ साली लंडनला सेल्बिट नावाच्या जादूगाराने बाईला पेटीत घालून करवतीने कापलं, मग आपले जादूगार पी. सी. सरकार यांनी १९५६ला बीबीसीवर तसलाच खेळ केला आणि कापून झाल्याझाल्या वेळ संपला म्हणून प्रोग्राम बंद, लोकांना वाटलं बाई गेलीच, फोनवर फोन. फ्रान्सचा मेलिएस पण होता, आधी पॅरिसमध्ये जादूचं थिएटर चालवायचा, नंतर सिनेमात घुसला. आणि आपले दादासाहेब फाळके? त्यांचा फोटो लांब तिकडे सिनेमाच्या दालनात, खाली फक्त भारतीय चित्रपटाचे जनक. अहो ते स्वतः जादूचे प्रयोग करायचे! नाव घेतलेलं प्रोफेसर केळफा, फाळके उलटं वाचा म्हणजे कळेल. आणि 'राजा हरिश्चंद्र' १९१३चा, त्याच्या आधी त्यांनी वाटाण्याचं रोप कुंडीत कसं वाढतं याची छोटी फिल्म केली होती, थोडं थोडं शूट करत, म्हणजे पडद्यावर रोप भराभर वर येतं. ती दाखवूनच पुढच्या सिनेमासाठी भांडवल मिळालं. म्हणजे बाबांनी फडक्याखाली केलं तेच फाळक्यांनी कॅमेऱ्याने केलं. दोन्ही गोष्टी एकाच छपराखाली आणि ही जोडी कोणी लावूनच दिली नाही, मला पण घरी येताना रिक्षात सुचलं.

आता मुख्य तक्रार. दुपारी फाळक्यांचा 'कालियामर्दन' लावला, १९१९चा. कृष्ण झालीय फाळक्यांचीच छोटी मुलगी मंदाकिनी, सुरुवातीला तर नुसते तिच्या चेहऱ्यावरचे हावभावच दाखवलेत, काय गोड पोर आहे. पण त्या काळी कॅमेऱ्याला हाताने हँडल मारायचे, सेकंदाला साधारण सोळा फ्रेम म्हणजे सोळा चित्रं, आणि हा चालवला आजच्या चोवीसने, म्हणजे दीडपट. सगळे गोप-गोपी आठ अठ्ठावन्नची फास्ट पकडायला निघाल्यासारखे धावतायत आणि वर कुठलं तरी डीजे छाप म्युझिक. कृष्ण कालियाच्या फण्यावर नाचतोय आणि हॉल खदाखदा हसतोय. आई देवाचं बघायला म्हणून हात जोडून बसलेली, तिने हळूच हात खाली घेतले.

मधेमधे येणाऱ्या मजकुराच्या पाट्या पण इतक्या पटापट जात होत्या की वाचून होईपर्यंत पुढचा सीन. माझी मुलगी आजीला मोठ्याने वाचून दाखवत होती तर मागून दोघांनी शूऽऽ केलं. पूर्वी थिएटरात हेच चालायचं की, ज्याला वाचता येतं त्याने बाकीच्यांना वाचून दाखवायचं! उलट आयोजकांनीच एखादा चांगल्या आवाजाचा वाचणारा उभा करायला पाहिजे होता.

शो संपल्यावर तिथल्या मुलांना बोललो, ते म्हणाले काका फाइलच तशी आलीय. असेल. पण लॅपटॉपवर स्पीड कमी करायला किती वेळ लागतो, माझी मुलगी यूट्यूबवर रोज करते.

पुढच्या वर्षी परत भरवणार म्हणतायत. तेवढी गाडी स्लो ट्रॅकवर घ्या आणि म्युझिकला पेटी-तबला बसवा. पेटीवाला मिळत नसेल तर आमच्या बिल्डिंगमधले एक काका भजनी मंडळात वाजवतात, त्यांना मी विचारून ठेवलंय, चहा आणि वडापाववर यायला तयार आहेत.

आपला,
एक वाचक, नौपाडा, ठाणे (प.)