रिळावर कँथलचे लेबल, आत स्टीलची वायर : तक्रार पत्र

प्रति,
संचालक महोदय,
ग्राहक सेवा विभागामार्फत

विषय : चुकीचे लेबल लावलेले व्हेपसाठीचे (ई-सिगारेटसाठीचे) २८ गेज जाडीच्या वायरचे रीळ आणि द्रव भरून त्याची वाफ करणाऱ्या टँक अ‍ॅटमायझरचे दिशाभूल करणारे वर्णन याबाबत

सप्रेम नमस्कार.

पत्रास कारण की, तुमच्या ऑनलाइन दुकानातून या महिन्यात मागवलेल्या सामानात जे 'कँथल ए१, २८ गेज' असे लेबल असलेले रीळ आले, त्यात कँथल, म्हणजे व्हेपची तापणारी कॉइल (वेटोळे) बांधायची वायर, नाही. माझी खात्री आहे की ती ३१६एल स्टीलची वायर आहे. हे मी तुमच्या ग्राहक सेवेला ईमेलने कळवले. त्यावर 'कॉइल नीट बसली नसेल, स्क्रू घट्ट करून पुन्हा बांधून बघा' एवढेच उत्तर आले. दुसरी ईमेल पाठवली, तर तेच उत्तर पुन्हा चिकटवून आले. म्हणून आता थेट तुम्हाला लिहितो आहे. ऑर्डर देण्याआधी फोनवर तुमच्या माणसाशी माझे बोलणे मराठीतच झाले होते, तेव्हा पत्रही मराठीतच.

मी इथे लेस्टरला राहतो. कित्येक वर्षे सिगारेट ओढली आणि ती व्हेपच्या आधाराने सोडली. सुरुवातीला तयार कॉइल वापरायचो. त्यात कोणती वायर आहे, द्रव शोषणारा कापूस किती दाबून भरला आहे, हे आपल्या हातात नसते. रीबिल्डेबलकडे, म्हणजे हाताने बांधायच्या कॉइलकडे, वळलो ते त्यासाठीच. वायर आपण निवडायची, वेढे आपण घालायचे, कापूस आपण भरायचा. मला निकेलची अ‍ॅलर्जी आहे. घड्याळाच्या साध्या पट्ट्याच्या बकलनेही मनगटावर पुरळ उठते. कँथल म्हणजे लोखंड, क्रोमियम आणि अ‍ॅल्युमिनियमचा मिश्रधातू, त्यात निकेल नसते. निक्रोम ८० या दुसऱ्या वायरमध्ये जवळपास ऐंशी टक्के निकेल असते, आणि ३१६एल स्टीलमध्येही दहा टक्क्यांच्या वर असते. म्हणून मी फक्त कँथल घेतो. फोनवर हे तुमच्या माणसाला स्पष्ट सांगितले होते, आणि 'आमचे कँथल घ्या, काळजी नको' असे त्यांनीच मला सांगितले होते.

त्या वायरने मला काही अपाय झाला, असा माझा दावा नाही. ती कॉइल मी वापरलीच नाही, कारण मॉडने (व्हेपच्या बॅटरीच्या भागाने) आधीच रेझिस्टन्सचा, म्हणजे विजेला होणाऱ्या विरोधाचा, आकडा दाखवला. पण ज्याला आकड्याचा अर्थ कळत नाही, त्याने ती खुशाल वापरली असती.

आता आकड्याचे सांगतो, कारण तुमच्या ग्राहक सेवेने नेमके तेच वाचलेले दिसत नाही.

माझी नेहमीची कॉइल अशी : अडीच मिलिमीटरच्या दांडीवर २८ गेजचे सहा वेढे, मध्ये थोडे अंतर ठेवून. टोकांसकट साधारण सहा सेंटिमीटर वायर लागते. २८ गेज कँथलचा रेझिस्टन्स मीटरमागे सुमारे १८ ओहम असतो, म्हणजे कॉइल १.१ ओहमच्या आसपास यायला हवी. माझ्या जुन्या रिळावर ती दर वेळी तशीच येते. तुमच्या रिळावरची आली ०.५७. दांडी तीच, वेढे तेवढेच, टँक तोच, मॉड तोच. दुसरी कॉइल बांधली, तीही ०.५७. मग शेजारच्या मित्राकडे जाऊन त्याच्या ओहम मीटरवर लावून पाहिली, तिथेही तेच.

स्क्रू ढिले असले तर रेझिस्टन्स वाढतो किंवा वरखाली नाचतो, तो निम्मा होऊन एका जागी थांबत नाही. वेढे एकमेकांना टेकले तर सुरुवातीला आकडा कमी दिसू शकतो, पण माझे वेढे टेकलेले नव्हते आणि मी प्रत्येक दोन वेढ्यांमधून सिरॅमिक चिमटा फिरवून पाहिला आहे. कॉइल डेकला (ती बसते त्या तळाला) किंवा वरच्या टोपीला लागली तर मॉड सरळ शॉर्ट दाखवतो. यातले काहीही नव्हते.

मग फ्रीजवरचे चुंबक काढले. कँथल चुंबकाला चिकटते. जुन्या रिळाचा तुकडा टेबलावर ठेवून चुंबक जवळ नेले, तर तो टुणकन उडी मारून चिकटला. तुमच्या रिळाचा तुकडा जागचा हलला नाही. निक्रोमही चुंबकाला दाद देत नाही, तेव्हा एवढ्यावरून स्टील म्हणता येणार नाही. पण निक्रोमची अशीच कॉइल ०.८ च्या पुढे आली असती. ०.५७ हा आकडा ३१६एल ला बरोबर बसतो. शेवटची खूण तापवल्यावर मिळाली. कँथल कितीही तापवा, रेझिस्टन्स जवळपास तोच राहतो. स्टीलचा वाढतो. कापूस न घालता हलकेच दोन-तीन वेळा बटण दाबून लगेच मॉडवर पाहिले, तर ०.५७ चा आकडा ०.६६ पर्यंत चढला आणि थंड झाल्यावर पुन्हा खाली आला. या तिन्ही गोष्टी एकत्र ठेवल्या तर दुसरा अर्थ निघत नाही. मॉडच्या पडद्याचे आणि चुंबकाचे व्हिडिओ मी दोन्ही ईमेलसोबत पाठवले होते. ते उघडून पाहिल्याचे तुमच्या उत्तरात कुठे दिसत नाही.

हे रीळ मूळ कंपनीच्या वेष्टणात आलेले नाही. मोठ्या रिळावरून सुटी वायर गुंडाळून त्यावर तुमच्याच दुकानाचे लेबल लावलेले आहे. म्हणजे चूक कारखान्यात झालेली नाही, तुमच्या पॅकिंगच्या टेबलावर झालेली आहे. आणि एका मोठ्या रिळावरून एकच छोटे रीळ गुंडाळले जात नाही. याच लॉटची रिळे आणखी कितीतरी घरांत पोहोचली असणार, आणि मला खरी चिंता त्याचीच आहे.

माझा मॉड रेग्युलेटेड आहे, त्यात चिप आहे, तो आकडा दाखवतो आणि धोका दिसला तर बंद होतो. पण तुमच्याकडे मेकॅनिकल मॉडही विकले जातात. त्यात चिप नाही, पडदा नाही. बटण दाबले की बॅटरी थेट कॉइलला. अशा मॉडवर ड्रिपर (वरून द्रवाचे थेंब टाकायचा भाग) लावून एखाद्याने तुमच्या लेबलवर विश्वास ठेवून पाच-पाच वेढ्यांच्या दोन कॉइल बसवल्या, तर त्याच्या हिशेबाने रेझिस्टन्स ०.४७ यायला हवा, म्हणजे पूर्ण चार्ज बॅटरीवर, ४.२ व्होल्टला, साधारण ९ अँपिअर. प्रत्यक्षात येणार ०.२४ च्या आसपास, म्हणजे १७ अँपिअरच्या वर. त्याच्याकडे १५ अँपिअरची, १८६५० आकाराची बॅटरी असेल तर तो दर वेळी मर्यादेच्या बाहेर जातो आहे आणि त्याला त्याचा पत्ताही नाही. मीटरवर मोजून मगच बॅटरी घालावी, हे खरे आहे आणि मीही सगळ्यांना तेच सांगतो. पण सगळे मोजत नाहीत, हे तुम्हालाही ठाऊक आहे. २०१८ मध्ये फ्लोरिडात आणि २०१९ मध्ये टेक्सासमध्ये व्हेप फुटून माणसे दगावली आहेत. या धंद्यात असलेल्या कोणालाही ही गोष्ट ठाऊक नसेल, असे मी मानत नाही. वायर विकणारा खरे म्हणजे मापच विकत असतो. तेच चुकीचे दिले, तर पुढचा सगळा हिशेब चुकतो.

दुसरी तक्रार त्याच ऑर्डरमधल्या टँकची. टँक म्हणून तो चांगला आहे, हे आधी सांगतो. सिंगल कॉइलचा डेक, मोकळी जागा, कापसाची शेपटे खाली सोडायला रुंद खाचा, वरून भरायची सोय. सिगारेटसारखा तोंडात घेऊन ओढणाऱ्याला असा डेक सोपा जातो, आणि नवशिक्यांना मी असाच सुचवतो, कारण कापूस थोडा जास्त-कमी झाला तरी तो लगेच गळत नाही. पण तुमच्या पानावर त्याच्या वर्णनात लिहिले आहे, 'सर्व मॉडना चालेल, हायब्रिडसकट'. हे खोटे आहे. हायब्रिड मॉडमध्ये बॅटरीचे टोक थेट अ‍ॅटमायझरच्या पिनला टेकते, त्यामुळे ती मधली पिन आट्यांच्या कडेच्या चांगली बाहेर आलेली असावी लागते. या टँकची पिन मी नखाने चाचपून पाहिली. नख कडेवरून पिनवर जाते तेव्हा कुठे अडकतच नाही, दोन्ही एका पातळीत आहेत. असा टँक हायब्रिडवर बसवला तर बॅटरीचे टोक पिनला आणि कडेला एकाच वेळी टेकू शकते. म्हणजे सरळ शॉर्ट, तोही तोंडाजवळ धरलेल्या धातूच्या नळीत. माझ्याकडे हायब्रिड नाही, म्हणून माझे काही बिघडले नाही. पण ते एक वाक्य पानावरून आजच्या आज काढा. त्यासाठी माझ्या पैशांचा निकाल लागायची वाट पाहू नका.

आणि एक. पार्सलमध्ये मराठीत छापलेले एक पत्रक होते, 'सुट्टीत गावी जाताना मित्रांसाठी किट घेऊन जा'. भारतात २०१९ पासून ई-सिगारेटच्या आयातीवर, विक्रीवर आणि जाहिरातीवरही बंदी आहे, आणि पहिल्याच गुन्ह्याला एक वर्षापर्यंत कैद किंवा एक लाख रुपयांपर्यंत दंड किंवा दोन्ही होऊ शकते. मुंबईच्या विमानतळावर एखादा मुलगा तुमच्या सल्ल्यापायी अडकला, तर त्याला सोडवायला तुम्ही जाणार आहात का? आपल्याच भाषेतल्या माणसांना असा सल्ला देऊ नका. ते पत्रक बंद करा.

आता माझे म्हणणे. ब्रिटनच्या २०१५ च्या ग्राहक हक्क कायद्यानुसार माल वर्णनाप्रमाणे असला पाहिजे, आणि तो तसा नसेल तर पहिल्या तीस दिवसांत परत करून पूर्ण पैसे मागण्याचा मला हक्क आहे. सामान मिळून अजून तीस दिवस झालेले नाहीत. मी रीळ आणि टँक दोन्ही नाकारतो आहे. दोन्हीचे पैसे ज्या कार्डावरून दिले त्याच कार्डावर परत हवेत, आणि परत पाठवण्याचा खर्च तुमचा. 'वायर उघडली म्हणजे परत घेत नाही' हे तुमच्या वेबसाइटवरचे वाक्य इथे लागू होत नाही. वायर न उघडता ती चुकीची आहे हे कोणालाही कळले नसते. दुकानाने स्वतःचा नियम लिहिला म्हणून कायद्याने दिलेला हक्क जात नाही.

पैसे ही त्यातली लहान बाब आहे, रिळाची किंमत पाच पौंडही नाही. माझी मुख्य मागणी अशी की, या लॉटची उरलेली सगळी रिळे विक्रीतून काढा आणि ज्यांनी ज्यांनी ती घेतली त्या प्रत्येकाला ईमेल करून सांगा. तुमच्याकडे ऑर्डरची यादी आहे, एका दुपारचे काम आहे. त्या ईमेलमध्ये लेबल चुकले आहे, वायरमध्ये निकेल आहे आणि रेझिस्टन्स जवळपास निम्मा येतो, या तीनही गोष्टी सरळ शब्दांत लिहा. 'गुणवत्तेच्या कारणास्तव' असले गोलमाल वाक्य नको, त्यातून मेकॅनिकल वापरणाऱ्याला काहीच कळणार नाही.

शक्य असेल तर एक सूचनाही करतो. सुटी वायर गुंडाळण्याआधी प्रत्येक मोठ्या रिळाचा ठरावीक लांबीचा तुकडा मीटरवर मोजा आणि चुंबक लावून पाहा. कँथल, निक्रोम आणि स्टील डोळ्यांना सारखेच दिसतात, पण मीटरवर लगेच वेगळे कळतात. मीटरमागे किती ओहम, हा आकडा लेबलवरच छापलात तर गिऱ्हाईकही घरी पडताळून पाहील.

या पत्राचे उत्तर मला चौदा दिवसांत लेखी हवे आहे, आणि ते पत्र वाचलेल्या माणसाने लिहिलेले असावे. उत्तर आले नाही, किंवा रिळे विक्रीतच राहिली, तर मी सिटिझन्स अ‍ॅडव्हाइसच्या ग्राहक हेल्पलाइनमार्फत ट्रेडिंग स्टँडर्ड्सकडे, म्हणजे व्यापारावर देखरेख करणाऱ्या खात्याकडे, तक्रार नोंदवणार आहे. ही धमकी समजू नये. याच लॉटची वायर दुसऱ्या कोणाच्या हातात असताना मला गप्प बसता येणार नाही, एवढेच.

तुमच्याकडून मी आधीही सामान घेतले आहे. मागे एकदा बॅटरीचे फाटलेले आवरण पाहून तुमच्या दुकानातल्या मुलीने ती मला वापरू दिली नाही आणि पैसे न घेता नवे आवरण चढवून दिले. तीच काळजी या रिळाच्या बाबतीत घ्यावी, अशी माझी विनंती आहे.

कळावे.

आपला ग्राहक,
लेस्टर

सोबत : पावतीची प्रत, रिळाच्या लेबलचा फोटो, टँकच्या पिनचा फोटो, आधीच्या दोन्ही ईमेल. तपासणीसाठी वायरचे दोन तुकडे पाकिटात ठेवले आहेत, जुन्या रिळाचा आणि तुमच्या रिळाचा. दोन्हींवर चिठ्ठी लावली आहे.