जुनी जिप्सी घेण्याआधी

कराड

चि. मनूस,

अनेक आशीर्वाद. तू पाठवलेले त्या जुन्या जिप्सीचे फोटो आणि आरसीची, म्हणजे नोंदणीच्या कागदाची, प्रत दोन्ही नीट पाहिले. जुनी गाडी घेऊच नये असं आईचं म्हणणं आहे. मला ते पटत नाही. पाटणच्या वरच्या वाड्यांवर भर पावसात म्हैस अडली म्हणून बोलावणं आलं की साधी गाडी निम्म्या चढावर चाकं फिरवत उभी राहते. तुझ्या कामाला फोर व्हील ड्राइव्ह, म्हणजे चारही चाकांना इंजिनाचा जोर देणारी गाडी, लागणारच. मारुतीची नवी जिम्नी तुझ्या पगारात बसत नाही. मग मारुतीचीच जुनी जिप्सी, हे ओघानेच आलं.

गाडी 2009 ची आहे, म्हणजे एमपीएफआय, इंजेक्शनने पेट्रोल घेणारं इंजिन. जिप्सी 1985 साली आली तेव्हा तिला 970 सीसीचं इंजिन होतं, 1996 ला 1298 सीसीची जिप्सी किंग आली, आणि 2000 पासून कार्बोरेटर जाऊन इंजेक्शन आलं. हे इंजिन मारुतीच्याच एस्टीम गाडीच्या घराण्यातलं. त्याचे सुटे भाग अजून मिळतात, आणि कुठल्याही तालुक्याच्या गावी ते खोलणारा माणूस भेटतो. वेळेवर ऑइल, कूलंट आणि टायमिंग बेल्ट दिला तर ते तुला रानात सोडणार नाही. म्हणून विकणारा बॉनेट उघडून इंजिनाचा आवाज ऐकवायला लागला की ऐकून घे, पण त्यावर भाव ठरवू नकोस. जिप्सीचा खर्च बॉनेटखाली नसतो, गाडीखाली असतो.

गाडी रत्नागिरीची आहे, हे मला सगळ्यात जास्त खटकलं. खारी हवा चासीला, म्हणजे गाडीच्या खालच्या लोखंडी सांगाड्याला, आतून खाते. वरून काळा रंग मारलेला असतो, पत्र्याच्या भोकांत लांबी (पुट्टी) भरलेली असते आणि फोटोत सगळं नवं दिसतं. पाट्यांचे (स्प्रिंगांचे) हँगर जिथे चासीला जोडलेत तिथे, बॉडीच्या माउंटिंगपाशी आणि पायाखालच्या पत्र्याला, रबरी मॅट उचलून, हातोडीने हलकेच ठोकून बघायचं. खणखणीत वाजलं तर ठीक, बद्द वाजलं किंवा पापुद्रे निघाले तर गाडी तिथेच सोडायची. बेअरिंग बदलता येतं, गिअरबॉक्स खोलता येतो. सडलेल्या चासीला कितीही वेल्डिंग केलं तरी त्या गाडीत मी तुला बसू देणार नाही.

नंतर पुढचा ॲक्सल. चाकाच्या आतल्या बाजूला जो गोळा असतो तिथून ग्रीस आणि ऑइल एकत्र ओघळत असेल तर सील गेलं आहे. पुढचं चाक जॅकवर उचलून वरून-खालून धरून हलव. किंगपिनचं (ज्यावर चाक वळतं त्या खिळीचं) किंवा हबचं (चाकाच्या मध्याचं) बेअरिंग खाल्लेलं असलं की तिथे ढिलेपणा जाणवतो. अशी गाडी साठच्या पुढे, खड्ड्यातून गेली की स्टिअरिंग जोरजोरात थरथरायला लागतं. नुसतं व्हील बॅलन्सिंग करून ते जात नाही, कुणी तसं सांगितलं तर दुसरा मेकॅनिक शोध.

डिफरन्शियलचं (ॲक्सलच्या मधल्या गिअरच्या डब्याचं), पुढचं आणि मागचं दोन्ही, आणि ट्रान्स्फर केसचं (पुढच्या-मागच्या चाकांना जोर वाटून देणाऱ्या डब्याचं) ऑइल थोडं काढून बघायचं. दुधाळ निघालं तर ओढ्यातून जाताना पाणी आत शिरलंय आणि कुणी बदललेलं नाही. मग आतल्या बेअरिंगची अवस्था काय असेल ते वेगळं सांगायला नको. तू घेतलीस तर ओढे ओलांडावेच लागतील, तेव्हा पावसाळा संपला की तिन्ही ऑइलं बदलायची आणि प्रोपेलर शाफ्टच्या (ॲक्सलला जोर पोचवणाऱ्या दांड्याच्या) क्रॉसना, म्हणजे सांध्यांना, ग्रीस मारून घ्यायचं. यात कसूर नको. मी एसटीच्या वर्कशॉपमध्ये नोकरी काढली. ग्रीस न मिळाल्यामुळे जेवढे सुटे भाग मरतात, तेवढे जास्त वापराने मरत नाहीत.

ट्रायल घेताना फोर व्हील टाकून बघायचंच, पण मातीवर. डांबरी कोरड्या रस्त्यावर नको. जिप्सीला पुढच्या आणि मागच्या ॲक्सलमध्ये वेगाचा फरक सांभाळणारं मधलं डिफरन्शियल नाही. वळताना पुढची चाकं मागच्यांपेक्षा जास्त अंतर तोडतात, चिखलात ती घसरून हिशेब जुळवतात, डांबरावर घसरता येत नाही आणि सगळा पीळ शाफ्ट-गिअरवर पडतो. फोर व्हीलची लिव्हर घट्ट बसून निघतच नाही ती त्यामुळेच. लो रेंज, म्हणजे हळू पण जास्त जोराचा गिअर, तोही टाकून बघ. काही गाड्यांना पुढच्या चाकांवर हाताने फिरवायचे हब नंतर बसवलेले असतात. असले तर ते लॉक केल्याशिवाय फोर व्हील लागत नाही. घेतल्यावर महिन्यातून एकदा, उन्हाळ्यातसुद्धा, मातीच्या रस्त्यावर थोडं अंतर फोर व्हीलमध्ये चालवायची, म्हणजे पुढच्या गिअरना ऑइल पोचतं.

आता खर्च. ॲव्हरेज दहाच्या आसपास धर, घाटात त्याहून कमी. पेट्रोल शंभरीच्या वर आहे, म्हणजे किलोमीटरला दहा-अकरा रुपये नुसते पेट्रोलचे. महिन्याला हजार किलोमीटर झाले तर ते तुझ्या पगारातून कसे निघतील ते आधी कागदावर मांड. टाकी चाळीस लिटरची आहे, आणि वरच्या अंगाला पंप नाहीत. पेट्रोलमध्ये आता वीस टक्के इथेनॉल असतं आणि ही गाडी त्यासाठी बनलेली नाही. तेव्हा पेट्रोलचे रबरी पाइप पहिल्याच महिन्यात नवे घालून घे. इथेनॉल पाणी ओढतं, म्हणून पावसाळ्यात अर्धी टाकी ठेवून गाडी आठवडाआठवडा उभी करू नकोस.

विमा त्यामानाने हलका. 1000 ते 1500 सीसीच्या खासगी गाडीला थर्ड पार्टीचा वर्षाचा हप्ता 3416 रुपये, वर जीएसटी. कागदांत मात्र डोळ्यांत तेल घाल. पंधरा वर्षं 2024 ला पूर्ण झाली आणि आरसी 2029 पर्यंत वाढवलेली दिसते. त्यापुढे गाडी वीस वर्षांची होते, आणि वीस वर्षांवरच्या चारचाकीची नूतनीकरणाची फी केंद्राने 2025 मध्ये 10000 रुपये केली आहे. त्याशिवाय पासिंग आणि पर्यावरण कर. म्हणजे 2029 साली एकरकमी पैसे आणि धडधाकट गाडी दोन्ही हाताशी लागेल. विकणारा जो भाव सांगतोय त्यातून हे आत्ताच वजा करायला हवं.

दुसरी एक दिल्ली पासिंगची स्वस्तात मिळतेय म्हणालीस, ती नकोच. तिकडे पंधरा वर्षांवरच्या पेट्रोल गाड्यांना बंदी आली म्हणून त्या स्वस्तात बाहेर पडतात. इथे आणल्यावर एनओसी (तिकडच्या आरटीओचा ना-हरकत दाखला), पुन्हा कर आणि आरटीओच्या खेपा. लष्कराच्या लिलावातली म्हणून कुणी काही दाखवलं तर आधी लिलावाचा कागद माग. आणि कुठलीही असो, इंजिन नंबर आणि चासी नंबर आरसीशी स्वतः ताडून बघ. डिझेल इंजिन बसवलेल्या जिप्सी खूप फिरतात. आरसीवर पेट्रोल असताना तशी गाडी अपघातात सापडली तर विमा कंपनी हात वर करेल.

माझं मत विचारशील तर चासी चांगली असेल तर घे. पण किमतीच्या तिसऱ्या हिश्शाएवढे पैसे बाजूला काढून मगच घे. पहिल्या वर्षात टायर, पाट्यांचे बुश, ब्रेक, सील आणि बेअरिंग यांत ते जातील. ते पैसे नसतील तर दिवाळीपर्यंत थांब, मी काही घालीन.

एक गोष्ट आईला सांगितलेली नाही, तुला सांगतो. या गाडीला एअरबॅग नाहीत, एबीएस (ब्रेक मारताना चाकं लॉक होऊ न देणारी सोय) नाही, आणि ती उंच आणि आखूड आहे. फोर व्हील चढायला मदत करते, थांबायला करत नाही. हायवेवर सत्तरच्या वर नेऊ नकोस. ओढा ओलांडल्यावर ब्रेक दोन-तीनदा हलके दाबून कोरडे कर, मागचे ड्रम भिजले की धरत नाहीत. मागच्या आडव्या बाकावर माणसं कोंबू नकोस, कितीही ओळखीची असली तरी.

रविवारी सकाळच्या गाडीने मी चिपळूणला उतरतो, तिथून दोघं मिळून रत्नागिरीला जाऊ. टॉर्च, हातोडी आणि जॅक मी आणतो. तू विकणाऱ्याला फोन करून सांग की गाडी धुऊन ठेवू नका आणि आम्ही येण्याआधी इंजिन चालू करू नका, थंड इंजिन कसं सुरू होतं ते बघायचं आहे. तोवर टोकनचा एक रुपयाही देऊ नकोस.

तुझे बाबा