स्कूटर घरी ठेवून मी बोटीवर येणार नाही

टिळकवाडी, बेळगाव
रविवार

चि. सोनू हिस,
अनेक उत्तम आशीर्वाद.

सिंगापूर, पेनांग, फुकेत आणि परत सिंगापूर असा बोटीचा बेत तू कळवलास तेव्हापासून तुझे बाबा नकाशा उघडून बसलेत. मलाही यायचंय, मनापासून यायचंय. पण चालायला त्रास असणाऱ्यांसाठीच्या माझ्या बॅटरीवरच्या स्कूटरबद्दल तुझ्या निरोपाच्या शेवटी एक ओळ होती, ‘आई, स्कूटर घरीच ठेव, जहाजावर व्हीलचेअर मिळते, आम्ही आहोत की ढकलायला.’ फोनवर बोलायला गेले तर ‘अगं, तू टेन्शन घेऊ नको’ म्हणून विषय संपवशील, म्हणून लिहून पाठवतेय. सावकाश वाच आणि जावईबापूंनाही वाचायला दे.

जहाजावरच्या व्हीलचेअरचं मी नीट वाचून काढलं. बहुतेक कंपन्यांच्या त्या खुर्च्या बोटीत चढता-उतरताना आणि अडीअडचणीच्या वेळी वापरायच्या असतात. खोलीपर्यंत पोचवलं की खुर्ची परत जाते. सगळे दिवस वापरायची तर स्वतःची आणायची नाहीतर भाड्यानं घ्यायची. म्हणजे काही ना काही न्यावं लागणारच आहे. मग माझ्या सवयीची, माझ्या उंचीला बसवून घेतलेली स्कूटर का नको?

आणि खुर्ची मिळत असती तरीही मी हेच म्हटलं असतं. कोल्हापूरचं लग्न आठव. कार्यालयाला पायऱ्या, म्हणून स्कूटर कारमध्येच राहिली आणि मला तिथल्या खुर्चीवर बसवलं. ज्यानं ढकललं तो मुलगा गुणी, ब्रेक व्यवस्थित लावून गेला. खुर्चीचं तोंड मात्र हात धुवायच्या बेसिनांकडे होतं. मंगलाष्टकं मी पाठमोरी ऐकली. पोलिओनं पाय गेले त्याचं दुःख मी कधीच मागे टाकलं. कुबड्यांवर उभी राहून शाळेत बीजगणित शिकवलं, तुला वाढवलं. पण त्या कुबड्यांनी आता खांदे झिजलेत आणि खुर्चीची चाकं हातानं फिरवायची ताकद उरलेली नाही. त्यामुळे खुर्चीत बसले की कोणी येईपर्यंत मी जिथल्या तिथे. त्यात नवरीच्या मावशीनं माझ्यामागे उभ्या असलेल्या तुझ्या आत्याला विचारलं, ‘ह्या जेवणार आहेत का?’ मी समोर बसलेली असून मला विचारलं नाही. तुला तेव्हा बोलले नाही, लग्नघरात कशाला.

स्कूटरवर असं होत नाही. सकाळी मी दुसऱ्या रेल्वे गेटकडून आरपीडी कॉर्नरपर्यंत जाते, व्हॅक्सिन डेपोच्या झाडांखालून फेरी मारते, येताना भाजी घेते. भाजीवाली माझ्याशी भाव करते. समोरच्या अक्का कन्नडमध्ये हाक मारतात, मी थांबते, बोलते, कंटाळा आला की निघते. लोक माझ्याशी सरळ बोलतात, कारण थांबलेली असते ती माझ्या मर्जीनं थांबलेली असते. बोटीवर मला हेच हवंय. समुद्र बघायचा, तर कुठल्या कठड्यापाशी आणि किती वेळ बघायचा ते मी ठरवणार.

शिवाय बाबांचं वय बघ. गेल्या थंडीत त्यांची कंबर धरली होती. मला चढावर ढकलताना त्यांना धाप लागते. ते सांगणार नाहीत, मी सांगते.

आता खोलीचं. सगळा बेत ह्या एका गोष्टीवर अवलंबून आहे, त्यामुळे इथे घाई करू नकोस. जहाजावरच्या साध्या केबिनचं दार साधारण ५६ ते ५८ सेंटिमीटर रुंद असतं. बाबांनी टेप लावून स्कूटर मोजली, ती भरली ५५. ‘बसतंय की!’ म्हणून ते खूश झाले. पण केबिनचं दार अरुंद पॅसेजला काटकोनात असतं आणि स्कूटर जागच्या जागी वळत नाही. तिला वळायला मीटरभराहून जास्त जागा लागते. सरळ रेषेत ती त्या दारातून जाईल, पॅसेजमधून वळून जाणार नाही. मग बाहेर पॅसेजमध्ये लावू म्हणशील, तर तेही चालत नाही. आग लागली, दिवे गेले, तर हजारो माणसं त्याच पॅसेजमधून निघणार. म्हणून स्कूटर खोलीतच ठेवायची आणि खोलीतच चार्ज करायची, असा जवळजवळ सगळ्या कंपन्यांचा नियम आहे. तो योग्यच आहे. माझ्या स्कूटरला अडखळून कोणी पडलेलं मला चालणार नाही.

तेव्हा अपंगांसाठीची केबिन घे. तिचं दार ८० सेंटिमीटरच्या आसपास असतं. आत चाकं वळवायला दीड मीटरचं वर्तुळ मोकळं, बाथरूमला उंबरा नाही, शॉवरखाली बसायला घडीची बैठक, धरायला दांडे. साध्या केबिनच्या बाथरूमला चांगला उंच उंबरा असतो. पायांना आधाराला बांधलेले कॅलिपर काढल्यावर मला तो ओलांडता येत नाही, आणि ओल्या फरशीवर बाबांच्या आधारानं ते करून बघायची माझी तयारी नाही. अशा केबिन मोठ्या जहाजावरही काही डझनच असतात आणि लवकर संपतात. आधी साधी खोली घेऊ, मग बदलून मागू, असं करू नकोस. कंपनीत अपंग प्रवाशांचं काम बघणारा विभाग असतो. त्यांना मेल कर, फॉर्म भर, स्कूटरची लांबी, रुंदी, वजन आणि बॅटरीचा प्रकार लेखी कळव आणि उत्तरही लेखी माग. बाल्कनी नसली तरी चालेल, दार रुंद हवं.

बॅटरीचा हिशेब मी केलाय. तिच्यावर २४ व्होल्ट आणि १० अँपिअर-अवर छापलंय, म्हणजे २४ गुणिले १०, २४० वॅट-अवर. स्कूटरमधून निघणारी एकच लिथियम बॅटरी असेल तर विमानात ३०० वॅट-अवरपर्यंत चालते, मात्र विमान कंपनीची आधी परवानगी लागते. ती काढून, टोकांना चिकटपट्टी लावून, पिशवीत घालून मी माझ्याजवळच ठेवणार. सामानात द्यायची नाही. कंपनीला निदान ४८ तास आधी कळवायचं असतं, पण तू तिकीट काढतानाच कळव. स्कूटर नेण्याचे वेगळे पैसे पडत नाहीत. आणि विमानाच्या दारापर्यंत मी स्कूटरवरूनच जाणार, तसं मागून घे.

बेंगळूरपर्यंत आम्ही कारनं येऊ, हुबळी-दावणगेऱ्यावरून. बेळगावच्या सांबरा विमानतळाहून विमान आहे हे मला माहीत आहे. पण तसं केलं तर स्कूटर एका विमानातून काढून दुसऱ्यात चढवणार, म्हणजे तेवढे जास्तीचे अनोळखी हात तिला लागणार. दिल्लीच्या प्रवासात हँडल वाकून आलं होतं, आठवतंय? ते का वाकलं हे नंतर मेकॅनिकनं समजावलं. ह्या स्कूटरचा ब्रेक विजेवरचा आहे, करंट बंद झाला की आपोआप लागतो. किल्ली काढलेली स्कूटर कोणी हँडल धरून ओढली तर चाकं फिरत नाहीत आणि सगळा जोर हँडलवर येतो. मागच्या चाकापाशी एक पिवळा खटका आहे, तो ओढला की चाकं मोकळी होतात. सामान चढवणाऱ्या पोराला हे कोण सांगणार? म्हणून मी एक कार्ड केलंय. इंग्रजीत, मोठ्या अक्षरांत, खटक्याकडे लाल बाण काढून. गोगटे सर्कलजवळच्या दुकानातून लॅमिनेट करून आणलं आणि भोक पाडून सुतळीनं हँडलला बांधलं. उतारावर तो खटका ओढू नये, स्कूटर सुसाट सुटेल, हेही खाली लिहिलंय. निघायच्या दिवशी चारही बाजूंनी फोटो काढून ठेवू, म्हणजे कुठे खरचटलं तर दाखवता येईल.

जहाजावर रोजच्या वापराची मला फारशी काळजी वाटत नाही. लिफ्टमध्ये उलटं शिरायचं म्हणजे निघताना तोंड बाहेर असतं, आणि नाटक सुटल्यावरची गर्दी जरा ओसरू द्यायची. जेवणाच्या हॉलमध्ये टेबलापाशी साध्या खुर्चीवर बसेन, स्कूटर वेटर दाराजवळ लावतात. जाड गालिच्यावर बॅटरी लवकर उतरते, म्हणून रोज रात्री चार्जिंग. डेकवर जाताना काही दारांना पोलादी उंबरा असतो, तिथे रॅम्प कुठला ते पहिल्याच दिवशी फिरून बघून ठेवू. समुद्र हलायला लागला की स्कूटर भिंतीला आडवी लावायची, किल्ली काढायची आणि आपण खुर्चीत बसायचं.

एका बाबतीत मात्र मी हट्ट धरणार आहे. निघण्याआधी जी सुरक्षेची कवायत असते तिला मी स्वतः जाणार. ‘तुम्ही खोलीतच थांबा, आम्ही बघून येतो’ असं म्हणू नका. २०१२ च्या जानेवारीत इटलीच्या किनाऱ्याजवळ कोस्टा कॉन्कॉर्डिया कलंडली तेव्हा ३२ माणसं गेली, आणि त्याच दिवशी चढलेल्या शेकडो प्रवाशांची कवायत व्हायचीच होती. त्यानंतर नियम बदलला. २०१५ पासून जहाज सुटण्याआधी किंवा सुटल्या सुटल्या कवायत घ्यावीच लागते. संकटात लिफ्ट वापरता येत नाहीत. मला जिन्यावरून खाली कोण आणणार, कुठल्या खुर्चीत बसवून आणणार आणि मी कुठे थांबायचं, हे खलाशांनी मला तोंडावर सांगायला हवं. माझं नाव त्यांच्या यादीत आहे ना, हेही मी विचारणार. अशा वेळी तुम्ही दोघं धावत मला शोधायला खोलीकडे यावं, असं मला मुळीच नको. तुमची पोरं तुमच्याबरोबर असतील.

बंदरांचंही बघितलंय. पेनांगला जहाज सरळ धक्क्याला लागतं आणि जॉर्जटाउन समोरच आहे. २००८ मध्ये त्याला जागतिक वारसा म्हणून मान मिळाला. तिथे मी उतरणारच. जहाजातून उतरायच्या पुलाचा उतार भरती-ओहोटीप्रमाणे बदलतो. फार तीव्र वाटला तर खलाशी स्कूटर वेगळी उतरवतील आणि मी कुबड्यांवर हळूहळू येईन. जॉर्जटाउनच्या जुन्या दुकानांपुढच्या पडव्या देखण्या असल्या तरी दर दुकानागणिक खाली-वर होतात, मध्ये पायऱ्या, दुचाक्या. तेव्हा मी रस्त्याच्या कडेनं चालवेन. गणपत गल्लीतून गणपतीच्या आदल्या दिवशी वाट काढणाऱ्या बाईला तेवढं जमतं.

फुकेतचं वेगळं आहे. तिथल्या पातोंग किनाऱ्यापुढे मोठी जहाजं लांब नांगर टाकतात आणि प्रवाशांना छोट्या बोटींतून किनाऱ्यावर नेतात. जहाज एका लयीत हलतं, छोटी बोट दुसऱ्या लयीत, आणि मधली फट पाऊल टाकून ओलांडायची असते. स्कूटर त्या बोटीत बहुधा घेत नाहीत. जावईबापू म्हणतील, मी उचलून उतरवतो. त्यांच्या प्रेमाबद्दल मला शंका नाही, पण नको. त्यांचा पाय घसरला तर दोघंही जायचो. तुम्ही सगळे जा, पोरांना वाळूत खेळवा, बाबांनाही न्या.

आणि माझी कीव करत उतरू नका. त्या दिवशी निम्मं जहाज रिकामं होईल. लिफ्टना गर्दी नाही, डेकवर धावणारी पोरं नाहीत. मी एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत फिरेन, ग्रंथालय असेल तर तिथे बसेन, चहा घेईन, कठड्यापाशी जाऊन तुमची बोट किनाऱ्याकडे जाताना बघेन. खुर्चीत असते तर जिथे ठेवून गेलात तिथेच संध्याकाळपर्यंत बसले असते, आणि मग तुझाही जीव किनाऱ्यावर रमला नसता.

तारखा जानेवारी-फेब्रुवारीच्या बघ. मे ते ऑक्टोबर तिकडे नैर्ऋत्येचा वारा असतो आणि पातोंगपुढे लाटा उठतात.

केबिनचं उत्तर आलं की आहे तसं मला पाठव, मी आकडे तपासते, आणि मगच पैसे भर. ह्या खेपेला तशी केबिन शिल्लक नसेल तर पुढच्या फेरीची घे. आम्ही दोघं निवृत्त माणसं, आम्हाला थांबायला काही हरकत नाही.

पोरांना पापे. जावईबापूंना नमस्कार.

तुझी,
आई

ता. क. जहाजावर सर्ज प्रोटेक्टरवाला, म्हणजे विजेचा अचानक वाढलेला दाब अडवणारा, एक्स्टेन्शन बोर्ड काढून घेतात, तो मुळीच आणू नकोस. माझ्या चार्जरवर १०० ते २४० व्होल्ट लिहिलंय, म्हणजे नुसता पिनांचा अ‍ॅडॉप्टर पुरेल. खोलीतला प्लग पलंगाजवळ आहे की आरशाजवळ, तेही मेलमध्ये विचार. चार्जरची वायर दीड मीटरच आहे.