अण्णांच्या सहा आठवड्यांसाठी हातभार लावा

सप्रेम नमस्कार, सोलापूरकर मंडळी.

आपल्या ज्येष्ठ नागरिक मंडळाच्या कट्ट्यावर रोज सकाळी पेपर मोठ्याने वाचून दाखवणारे अण्णा अकरा दिवसांपासून सिव्हिलमध्ये दाखल आहेत. वय 71. उभी हयात यंत्रमागावर गेली. त्यांच्या हृदयाच्या झडपेवर जंतूंनी ठाण मांडलं आहे, आणि तेही आतड्यात राहणाऱ्या जंतूंनी. एन्टेरोकॉकस गॅलिनॅरम असं त्या जंतूचं नाव. माणसाच्या झडपेवर तो क्वचितच सापडतो.

दोन महिने अण्णांना संध्याकाळी कणकण यायची. जेवण तुटलं, सदरा अंगावर लोंबायला लागला. आम्ही सगळे म्हणत राहिलो, "वय झालं, चालायचंच." त्याची आज फार बोच लागते. दुकानातून आणलेल्या गोळ्यांनी ताप उतरायचा आणि पुन्हा यायचा. अशा अर्धवट अँटिबायोटिकमुळे रक्तातला जंतू तपासणीत सापडेनासा होऊ शकतो. अण्णांचं नशीब चांगलं. वेगवेगळ्या ठिकाणांहून रक्त घेऊन ब्लड कल्चर, म्हणजे रक्तातला जंतू वाढवून ओळखायची तपासणी, लावलं, त्यात तो सापडला. नाव कळणं गरजेचंच होतं, कारण या जातीवर व्हँकोमायसिनसारखं मोठं औषध भरवशाचं नसतं.

आता दोन अँटिबायोटिक चालू आहेत: अँपिसिलिन दर चार तासांनी आणि सेफ्ट्रियाक्सोन दर बारा तासांनी, म्हणजे दिवसाला आठ डोस शिरेतून. सहा आठवड्यांचे 336 होतात. झडपेला स्वतःचा रक्तपुरवठा जवळजवळ नसतो, त्यामुळे औषध तिथे नेटाने आणि दीर्घकाळ पोहोचवावं लागतं. मधेच सोडलं तर जिवावर बेततं. झडपेवरचा तुकडा सुटून मेंदूत गेला तर पक्षाघातही होऊ शकतो.

अण्णांच्या पत्नी, म्हणजे आपल्या काकू; त्यांनी कॅलेंडरच्या मागच्या कोऱ्या बाजूला रोजच्या आठ रेघा ओढल्या आहेत. डोस झाला की एक रेघ खोडतात. काकू विड्या वळतात. हजार विड्यांमागे मजुरी, आणि सूप अकरा दिवस घरात कोपऱ्यात उभं आहे. मुलगा पुण्यात रोजंदारीवर, तो रविवारी येऊन जातो. रात्री 2 च्या डोसला सलाइन संपलं की नाही, हात सुजला की नाही, हे बघायला त्या एकट्याच जाग्या असतात.

मंडळाने दोन गोष्टी मागायचं ठरवलं आहे.

पहिली, पैसे. बाहेरून आणाव्या लागणाऱ्या औषधांसाठी, घशातून नळी घालून करायच्या इकोसाठी (हृदयाच्या सोनोग्राफीसाठी), पुढे दुर्बिणीने मोठं आतडं तपासावं लागेल त्यासाठी, आणि काकूंच्या घरखर्चासाठी. 51 रुपये द्या, 501 द्या, जमेल ते द्या, पण पावती मागून घ्या. जमाखर्च दर रविवारी फळ्यावर लिहू. झडप बदलायची वेळ आलीच, तर महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजनेसाठी रेशन कार्ड, आधार वगैरे कागद जमवतोय. या कामाची माहिती असणाऱ्याने जरूर पुढे यावं.

दुसरी गोष्ट आम्हाला पैशापेक्षाही मोलाची वाटते: वेळ. पेठेत कुजबुज आहे की हा रोग लागतो. लागत नाही. झडपेचा हा संसर्ग शेजारी बसल्याने कुणाला होत नाही. हात स्वच्छ धुवून खुशाल बसा, अण्णांना पेपर वाचून दाखवा. आता त्यांची ऐकायची पाळी आहे.

आणि घरात कुणा वडीलधाऱ्याला आठवड्याहून जास्त बारीक ताप असेल, वजन उतरत असेल, त्यातही आधीच झडपेचा आजार असेल, झडप बदललेली असेल किंवा पेसमेकर असेल, तर परस्पर अँटिबायोटिक देऊ नका. डॉक्टरांकडे न्या आणि आधी ब्लड कल्चर करायचं का, ते विचारा.

मंडळाचं कार्यालय सायंकाळी 5 ते 7 उघडं असतं. अण्णांजवळ बसायच्या पाळ्यांची वही टेबलावरच आहे. दिवसाच्या पाळ्या बऱ्याच भरल्यात. सोमवार ते बुधवार रात्री 10 ते सकाळी 6 या तीन पाळ्यांपुढे अजून कुणाचंच नाव नाही.

आपले,
ज्येष्ठ नागरिक मंडळाचे कार्यकर्ते, सोलापूर