लिव्हरच्या लेखात डोळा राहूनच गेला

मा. संपादक महोदय,
स. न. वि. वि.

कालच्या आरोग्य पुरवणीतला 'यकृताचे गळू' हा लेख मी दोनदा वाचला. माझ्याच नजरेतून काही सुटलं असेल, असं वाटलं म्हणून दुसऱ्यांदा. सुटलं नव्हतं. दारू आहे, दूषित पाणी आहे, अमिबा आहे, पोट धरून बसलेल्या माणसाचा भलामोठा फोटो आहे. डोळ्याबद्दल अवाक्षर नाही.

आमचे भाटवे, म्हणजे बहिणीचे यजमान, माळकरी. व्यसन म्हणाल तर चहाचं, तोही बिनसाखरेचा, कारण शुगर जुनी. २०२३ च्या अधिक श्रावणात बहिणीसह धोंड्याच्या जेवणाला आमच्याकडे आले आणि ताटाला हात न लावता गोधडी घेऊन पडले. मला वाटलं, पथ्य पाळताहेत. हिव वाजून ताप होता. मग नेहमीचंच. मलेरियाची तपासणी, टायफॉइडची तपासणी, दोन सलाईन, घरी. उजव्या बरगडीखाली दुखतं म्हणाले, तर "गॅस असेल". सोनोग्राफी करून घ्यावी म्हटलं, तर तालुक्याच्या सरकारी दवाखान्यात मशीन आहे, चालवणारा फक्त मंगळवारी येतो. तो मंगळवार निघाला १५ ऑगस्टचा. झेंडावंदन व्यवस्थित झालं.

तोवर डावा डोळा लाल झाला होता, पापणी सुजली होती. त्या पावसाळ्यात डोळ्यांची साथ गावोगाव होती, त्यामुळे बघणाऱ्याने दोन हात लांबूनच सांगितलं, "डोळे आले, थेंब टाका, गॉगल लावा." बहिणीने टॉवेल वेगळा केला, नातवाला जवळ जाऊ दिलं नाही. अहो, डोळे आले की चिपडं येतात, खाज सुटते. असं दिसेनासं होत नाही. यांना काजळी धरलेल्या कंदिलातून पाहावं तसं दिसत होतं. तीन दिवस थेंब टाकले. चौथ्या दिवशी समोर धरलेली बोटं मोजता येईनात.

मग नागपूर. तिथल्या डोळ्यांच्या डॉक्टरीणबाईंनी डोळा पाहिला आणि पहिला प्रश्न केला, "ताप कधीपासून आहे?" पोटाची सोनोग्राफी त्यांनी लिहून दिली. डोळ्यांच्या डॉक्टरांनी! लिव्हरमध्ये पू निघाला. क्लेब्सिएला नावाचा जिवाणू. असतो आतड्यात, शुगरवाल्या माणसाच्या लिव्हरमध्ये गळू करतो आणि तिथून रक्तावाटे थेट डोळ्याच्या आत उतरतो. कधी कधी लिव्हरचा पत्ता लागण्याआधी डोळाच बोलतो. तैवानच्या डॉक्टरांनी १९८० च्या दशकातच हे लिहून ठेवलंय. सुई घालून लिव्हरचा पू काढला, डोळ्याच्या आत इंजेक्शनं दिली, शिरेतून औषध कित्येक दिवस चाललं. जीव वाचला. तो डोळा आता उजेड आणि अंधार तेवढा ओळखतो.

तुमच्या लेखकांनी लिहिलं ते खोटं नाही. अमिबाचं गळू आपल्याकडे होतं, दारूचा त्याच्याशी संबंधही आहे. पण अमिबावरच्या गोळ्यांनी हा जिवाणू मरत नाही, एवढं एक वाक्य घालायला काय हरकत होती? आणि दारूचं म्हणाल तर नागपूरला प्रत्येक टेबलावर भाटव्यांना एकच सवाल होता, "कधीपासून घेता?" ते गळ्यातली माळ दाखवायचे. पुढे पुढे दाखवणंही सोडलं. (आमचा जिल्हा दारूबंदीचा आहे. हे वाचून हसणाऱ्यांनी हसून घ्यावं.) आता तुमचा लेख वाचून गावात पुन्हा तीच कुजबुज सुरू झाली आहे.

पुढच्या पुरवणीत एक चौकट छापा. शुगरवाल्याला थंडीताप आहे आणि डोळा लाल होऊन अंधुक दिसतंय, तर थेंबांवर दिवस काढू नयेत. त्याच दिवशी डोळ्यांचा डॉक्टर गाठावा आणि पोटाची सोनोग्राफी करावी. तिथे एकेक दिवस मोजावा लागतो. जागा नाही म्हणू नका. कालच्याच अंकात भाऊसाहेबांना वाढदिवसाच्या शुभेच्छा द्यायला तुम्हाला पाऊण पान सापडलं.

जाता जाता, आमच्याकडे अंक साडेदहाच्या एसटीने येतो आणि रविवारी येतच नाही. पैसे मात्र पूर्ण महिन्याचे घेतात. याबद्दल मी आधीही दोन पत्रं पाठवली आहेत.

आपला,
एक जुना वर्गणीदार
ता. आर्वी, जि. वर्धा