‘आढळून आली’ म्हणजे कुणाला?

मा. संपादक साहेब, नमस्कार.

मी अंबाजोगाईत कोर्टाजवळ टायपिंगचं दुकान चालवतो. आधी गोदरेजचं मराठी मशीन होतं आता कॉम्प्युटर आहे, धंदा तोच, अर्ज, ॲफिडेव्हिट, दत्तकपत्र. मागच्या दिवाळीनंतर दुकानात एक बाई आल्या, पस्तिशी ओलांडलेल्या, दिसायला अगदी इथल्याच पण मराठीचा एक शब्द येईना, स्वीडनहून आलत्या, सोबत संभाजीनगरचा एक पोरगा दुभाष्या म्हणून. हातात जुन्या अर्जाची झेरॉक्स होती, त्यात लिहिलेलं, "सदर बालिका बसस्थानक परिसरात बेवारस स्थितीत आढळून आली, आईवडिलांचा तपास लागला नाही." पोरानं अर्थ सांगितला तर त्या म्हणल्या, आढळून आली म्हणजे कुणाला?

मी गप्प बसलो. कारण साहेब ते वाक्य माझ्या ओळखीचं होतं. त्या काळात इथल्या एका संस्थेचे कागद मी टाइप करायचो, नमुना एकच असायचा, नाव आणि तारीख तेवढी बदलायची, बसस्थानकाच्या जागी कधी सरकारी दवाखाना तर कधी देवळाचा ओटा. तपास कुणी केला, कुठं केला हे मला कुणी सांगितलं नाही आणि मी पण विचारलं नाही, पानाला दोन रुपये मिळायचे. त्या बाईंचा कागद माझ्याच मशीनवरचा का ते सांगता येत नाही, पण नाही असं पण छातीठोक म्हणता येत नाही.

तेव्हा परदेशी माणसाला इथं थेट दत्तक घेताच यायचं नाही, १८९० च्या गार्डियन अँड वॉर्ड्स कायद्यानं कोर्टाकडून पालक म्हणून परवानगी काढायची आणि लेकरू तिकडं नेऊन तिकडच्या कायद्यानं दत्तक करायचं. लक्ष्मीकांत पांडे नावाच्या वकिलानं सुप्रीम कोर्टाला पत्र लिहिलं, कोर्टानं त्या पत्रालाच याचिका मानलं आणि १९८४ ला निकाल दिला, तेव्हा कुठं नियम लागले. (पत्र लिहून काय होतं असं विचारणाऱ्यांसाठी सांगितलं.) आता सगळं दिल्लीच्या कारा या केंद्र सरकारच्या दत्तक प्राधिकरणामार्फत, ऑनलाइन, २००३ पासून परदेशी दत्तकाबद्दलचा हेग करार लागू, आधी देशातले पालक मग बाहेरचे. २०२४-२५ ला ४५१५ लेकरं दत्तक गेली त्यातली ४१५५ देशातच. गल्लीत बोलतात तसं गोरे लोक लेकरं पळवून नेतात वगैरे मला पटत नाही. आपल्या लोकांना तान्हं आणि धडधाकट पाहिजे, पायानं अधू किंवा आठ वर्षाचं म्हणलं की फोन उचलत नाहीत, अशी लेकरं बाहेरचे नेतात, नेऊ द्या की.

माझं म्हणणं पहिल्या पानाबद्दल आहे. हल्ली प्रत्येक कागदात ‘बालकाचे सर्वोत्तम हित’ असतं, मीच टाइप करतो, पण पहिल्या पानावर खोटं नाहीतर अर्धवट लिहिलं तर पुढची फाइल कितीही नियमात असून काय उपयोग. दक्षिण कोरियात काय झालं, आईबाप जिवंत असलेल्या लेकरांना कागदावर अनाथ दाखवून परदेशी पाठवलं, २०२५ ला तिथल्याच सरकारी आयोगानं ते मान्य केलं, तोवर ती लेकरं पन्नाशीला आली.

आपल्याकडचा नियम असा की बेवारस लेकरू ताब्यात आलं की ७२ तासात पेपरात फोटोसकट जाहिरात द्यायची, दोन वर्षाखालचं असलं तर दोन महिन्यात आणि मोठं असलं तर चार महिन्यात बाल कल्याण समितीनं दत्तकासाठी मोकळं करायचं. लेकरू वर्षानुवर्षं संस्थेत कुजू नये म्हणून मुदत चांगलीच आहे. पण बीड जिल्ह्याचा हिशोब बघा, दसरा-दिवाळीला ऊसतोडीची टोळी निघाली की मार्च-एप्रिलशिवाय परत येत नाही. लेकरू गावात आजीजवळ, आजी आजारी पडली, लेकरू कुणी कुठं नेऊन सोडलं, आणि आई निपाणीकडं उसाच्या फडावर. तुमच्या बीड आवृत्तीतली टेंडर नोटिशीच्या खाली चिकटलेली, फोटोत नाक-डोळे कळत नाहीत अशी जाहिरात तिला कोण दाखवणार? ती येईपर्यंत मुदत संपलेली आणि कागदावर तपास लागला नाही. टोळी नेणाऱ्या मुकादमाकडं टोळीतल्या एकूणएक माणसाचा नंबर असतो, उचल म्हणजे आगाऊ पैसे दिलेले असतात ना! समितीनं तो फोटो मुकादमांच्या आणि कारखान्याच्या शेतकी ऑफिसच्या व्हॉट्सॲपवर का टाकू नये, आणि कुणाकुणाला विचारलं ते नावासकट फाइलीत का लिहू नये. उद्या अठरा पूर्ण झाल्यावर लेकरू कायद्यानं काराकडं अर्ज करून आपलं मूळ विचारू शकतं, तेव्हा त्याला निदान वाचायला काहीतरी असंल.

आणि तुम्ही पण साहेब, ती जाहिरात जरा मोठ्या टाइपात, नीट फोटो घेऊन, एकदा नाही तर दोन-तीनदा छापा, पैसे न घेता. जागा नसली तर या पत्राची जागा द्या, हे नाही छापलं तरी चालंल.

आपला वाचक,
एक टायपिस्ट, अंबाजोगाई, जि. बीड